सहाशे तेरावा नमुना

१

मासा मारायला चिमीला आता एकच फटका पुरायचा. पहिल्या आठवड्यात तीन-चार लागत, आणि मधेमधे रडूही येई. दुसऱ्या वर्षापर्यंत हात असा बसला, की ती दुसरीकडे बघत बोलत असली तरी दांडका बरोबर माशाच्या डोळ्यांमागच्या मऊ जागी पडायचा. मग पट्टीवर लांबी, कात्रीनं शेपटीच्या पराचा तिरका तुकडा, तुकडा नळीतल्या अल्कोहोलमध्ये, नळीवर नंबर, मासा पेटीत. सगळं मिळून अर्धं मिनिट. यात डोकं वापरावं लागत नसे, आणि चिमीला त्याचंच बरं वाटायचं.

माशाला तलावाकाठचे लोक पाहुणा म्हणत. न बोलावता आला आणि यजमानांनाच खाऊन बसला, म्हणून पाहुणा. बिनखवल्याचा, मिशाळ, हाताच्या लांबीचा आणि विलक्षण चिवट. पाण्याबाहेर चार तास पडला तरी तोंड उघडझाप करत राहायचा. हा इथं एकदाच कुणी सोडला की अनेकदा, आजचे हजारो मासे मुळात किती आयांचे, हे डीएनएवरून शोधायचं असा चिमीचा पीएचडीचा विषय होता. मूळ सापडलं तर निर्मूलनाची दिशा सापडेल, असं प्रबंधाच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं. तिचे गाईड सर त्याला वेगळं नाव देत. "तू पाहुण्यांची नाती जुळवतेस. आमच्या आत्याबाई आयुष्यभर हेच करत होत्या, त्यांना कुणी पदवी दिली नाही."

होडी दादाची. चिमीचा सख्खा भाऊ, तिच्याहून चार वर्षांनी मोठा, पाणीखात्यात होडी चालवायचा. बहिणीचं काम म्हणून सुटीची सकाळ तिला द्यायचा आणि त्याबद्दल कधी चकार शब्द काढायचा नाही. त्याच्या एक-दोन खोडी मात्र होत्या. वल्हवताना तर तो तिच्याकडे तोंड करून बसेच, पण जाळं ओढतानाही तिला आपल्यासमोर बसवून घ्यायचा. दांडका त्याच्या फळीखाली असे. मासा आला की तो दांडका तिच्या हातात द्यायचा, आणि फटका पडला की लगेच हात पुढे करायचा. "दे इकडे." चिमी देऊन टाकायची. दोन वर्षांत हेही अंगवळणी पडलं होतं.

आई म्हणायची, तो लहानपणापासून तुला जपतो. मग तिची ठरलेली गोष्ट सुरू व्हायची. चिमी आठ वर्षांची असताना दादा एकदा रडत, धापा टाकत घरी आला. चिमी बुडाली म्हणाला. "आणि तू आपली आधीच स्वयंपाकघराच्या पायरीवर बसलेली. ओला फ्रॉक, डोक्याला खोक, आणि तोंडानं काय, तर भूक लागली. तेव्हापासून बिचारा तुझ्यावरून नजर काढत नाही." चिमीच्या भांगात बोटभर लांबीची पांढरी रेघ होती, तिथं केस येत नसत. धक्क्याच्या पायरीवर पडून लागलेलं, असं घरात सगळे सांगत. तिला स्वतःला त्यातलं काही आठवत नव्हतं.

२

गडबड उन्हाळ्यात लक्षात आली. चिमी पहिल्या तीनशे नमुन्यांचे निकाल तपासत होती. एकेका माशाच्या डीएनएवर बारा जागा बघायच्या, प्रत्येक जागेचे दोन आकडे. सख्खी भावंडं असली तरी बारापैकी काही जागी फरक पडतोच. एकेचाळीस नंबर आणि एकशे सत्याऐंशी नंबर यांच्यात एकाही जागी फरक नव्हता. म्हणजे ती दोन भावंडं नव्हती, एकच मासा होता.

सरांनी चष्मा कपाळावर चढवून आकडे पाहिले. "डुप्लिकेट आहे. एकाच माशाचा तुकडा दोनदा घेतलास."

"सर, दोघांत पाच महिने आहेत."

"मग नळ्या बदलल्या असतील. पिपेटची टोकं बदलताना पेंगली असशील. माझ्या वेळी एकानं महिनाभर स्वतःच्याच थुंकीचा अभ्यास केला होता." ते हसले आणि चष्मा खाली आला. "नियम सोपा आहे. आधीचा ठेवायचा, नंतरचा काढून टाकायचा."

चिमीनं एकशे सत्याऐंशी काढून टाकला. पण शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. घरी जाऊन तिनं वही उघडली. त्या दिवशीच्या नोंदीपुढे तिच्याच अक्षरात लिहिलं होतं: शेपटीचा वरचा कोपरा आधीच नाही. कुणीतरी चावलं असावं. कड सरळ.

३

मारलेले मासे तलावापासून दोनशे पावलांवर एका खड्ड्यात जात. वरून चुना, चुन्यावर माती. दादा फावडं मारायचा आणि चिमी चुना टाकायची. तिनं मनाची समजूत घातली. मासा चिवट, फटका हलका पडला असेल, रात्री खड्ड्यातून सरपटत पाण्यात गेला असेल. असले मासे सरपटतात, हे पुस्तकातसुद्धा आहे. हे पटण्यासारखं होतं, आणि तिला ते पटवून घ्यायचंच होतं.

पुढच्या खेपेला तो तिच्या हातात आला तेव्हा पराच्या दोन कोपऱ्यांना दोन तिरके काप होते. डोळ्यांमागे खळगा होता, दांडक्याच्या टोकाच्या मापाचा. खळग्यावरची कातडी गुळगुळीत, जुनी. मासा तडफडत नव्हता. बाकीचे पंधरा-वीस होडीच्या तळाशी थयथयाट करत होते, आणि हा शांतपणे मिशा हलवत चिमीच्या बुटाकडे तोंड करून पडला होता.

"याला आपण आधी मारलाय," चिमी म्हणाली.

दादानं वाकून पाहिलं. त्याचा चेहरा उतरला, पण आवाज साधाच होता. "मग परत मार."

तिनं मारला. एकदा नाही, सात-आठ वेळा. कवटी चेपली, एक डोळा बाहेर आला, रक्त तिच्या ओठांपर्यंत उडालं. थांबली तेव्हा दादा हात पुढे करून बसला होता. "दे इकडे," तो म्हणाला. त्या माशाचा नंबर तीनशे पाच पडला. बाराच्या बारा जागा पुन्हा तशाच निघाल्या.

४

चारशे सहासष्ट नंबर म्हणून तो परत आला तेव्हा चिमीनं त्याला होडीतच कोयत्यानं मधोमध तोडला. डोक्याकडचा भाग खड्ड्यात पुरला, शेपटीचा भाग प्रयोगशाळेच्या भट्टीत जाळला. राख झालेली स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. सरांना सांगितलं नाही. सांगणार तरी काय.

पाचशे नव्वद नंबरच्या वेळी त्याच्या कमरेभोवती एक पांढरी रेघ होती. तिला नख लावून पाहिलं तेव्हा तिथं कातडी जराशी वर उचललेली लागली, जखम भरून आल्यावर लागते तशी. तिनं नकळत स्वतःच्या भांगात बोट घातलं आणि काढून घेतलं.

त्या दिवशी तिनं तलावाचा नकाशा भिंतीवर लावला आणि पाच जागी टाचण्या टोचल्या. पहिली पलीकडच्या काठाला. दुसरी बेटाजवळ. तिसरी तलावाच्या मध्यावर. चौथी धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर. पाचवी धक्क्याला लागूनच, जिथं ती बूट धुवायला उतरायची. इतर माशांच्या जागा सगळ्या पाण्यावर विखुरलेल्या होत्या. या पाच एका ओळीत होत्या.

दादा दारात उभा राहून नकाशा बघत होता. किती वेळ, कोण जाणे.

"जो मारतो त्याच्याकडे येतोय तो," चिमी म्हणाली. "हसू नकोस."

"मी कुठं हसलो," दादा म्हणाला.

५

पुढच्या सुटीच्या सकाळी आभाळ स्वच्छ होतं. दोन पेट्या भरल्या, सहाशे बारापर्यंत नंबर झाले. शेवटचं जाळं ओढताना ते बुडातल्या खुंटात अडकलं. दादानं समोरून झटके दिले, शिव्या दिल्या, पण सुटेना. ते दुसऱ्या बाजूनं सोडवावं लागणार होतं. तो थोडा घुटमळला. मग चिमीकडे एकदा बघून वळला आणि होडीच्या काठावर पोट टेकून पाण्यावर ओणवा झाला.

चिमीनं त्याची पाठ पाहिली. सदऱ्याचा घामानं भिजलेला पट्टा, मानेवरचे बारीक केस. इतकी वर्षं एका घरात राहून ही पाठ तिनं कधी नीट पाहिलीच नव्हती, असं तिला वाटून गेलं. दांडका तिच्या हातात होता, जाळ्याच्या गडबडीत तो परत मागायचं दादा विसरला होता. जाळ्याचं तोंड होडीत होतं, आणि जाळ्यातून तो मासा बाहेर आला. कापलेला पर, पांढरी रेघ. तो सरपटत तिच्या दोन पायांच्या मधे आला, तिथून पुढे दादाच्या बाजूला गेला आणि काठाशी थांबला. चिमीनं दांडका उचलला.

हात चुकला, असं ती पुढे स्वतःला सांगत राहिली. मासा घसरला, होडी कलली, आणि फटका दादाच्या मानेच्या वर बसला. आवाज ओळखीचा होता. एकच फटका, आणि बरोबर जागी.

त्यानंतरचं अर्धं मिनिट तिला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. दादाचं डोकं काठाबाहेर लोंबत होतं, डोळे उघडे, कानातून रक्ताची धार पाण्यात. तिच्या हातात कात्री होती. नळी होती. नळीचं झाकण लागत होतं आणि पेन नळीवर चालत होतं. सहा, एक, तीन. मग होडी पुन्हा कलली आणि दादा पाण्यात गेला. तिनं ढकललं नव्हतं. मासा पेटीत टाकायची वेळ झाली की जेवढा हात लागतो, तेवढाच लागला असेल.

नळीत काय आहे ते तिनं उजेडाकडे धरून पाहिलं. कानाच्या पाळीचा तिरका तुकडा होता. मग ती किंचाळली.

६

ती पाण्यात उतरली, बुडी मारली, चिखल हातानं चाचपला. खाली काही दिसत नव्हतं. तिसऱ्या बुडीत तिच्या पोटरीला मिशा लागल्या आणि ती होडीत चढली. धक्क्यावर पोचायला पाऊण तास लागला. फोन धक्क्यामागच्या सामानाच्या शेडमध्ये होता, पण शेडपर्यंत जायचं तिला सुचलंच नाही. पाय घराकडे वळले. सगळी वाट ती आईला काय सांगायचं त्याची वाक्यं जुळवत होती, आणि एकही जुळत नव्हतं.

स्वयंपाकघराच्या पायरीवर दादा बसला होता. कपडे ओले, डोक्याला आईचा टॉवेल, मांडीवर ताट.

"कुठं राहिलीस?" आई आतून म्हणाली. "हा केव्हाचा आलाय. पोहत आला म्हणे, होडी तुझ्याकडे ठेवून. तुमच्या खोड्या अजून संपत नाहीत."

"भूक लागली होती," दादा म्हणाला.

चिमी तिथंच दाराला धरून उभी राहिली आणि मग रडायला लागली, आनंदानंच. जिवंत आहे. बेशुद्ध झाला असेल, गार पाण्यानं शुद्धीवर आला असेल, रागानं न बोलता पोहत निघून गेला असेल. पट्टीचा पोहणारा तो. तिनं त्याला घट्ट मिठी मारली, आणि टॉवेलखालून तिची बोटं त्याच्या डोक्याच्या मागे गेली. तिथं खळगा होता. दांडक्याच्या टोकाच्या मापाचा, कोरडा, वरून गुळगुळीत. रक्त नव्हतं, खपलीसुद्धा नव्हती. तासाभरापूर्वीची जखम नव्हती ती.

दादानं घास चावणं थांबवलं नाही. तो ताटावरून तिच्या हातांकडे बघत होता.

७

आठ दिवस घर रोजच्यासारखं चाललं. दादा कामावर जायचा, यायचा, जेवायचा. कानाला पट्टी होती, आईला त्यानं गळ लागला म्हणून सांगितलं. पहिल्या रात्री तो त्याच्या खोलीत झोपला. दुसऱ्या रात्रीपासून खोलीत उकडतं म्हणून त्याचं अंथरूण बाहेरच्या खोलीत आलं. पाचव्या दिवशी सकाळी चिमी उठली तेव्हा ते तिच्या दाराशी होतं. तिनं मनातल्या मनात टाचण्या टोचल्या.

शेजारच्या प्रयोगशाळेत माणसांच्या चाचण्या व्हायच्या. तिथलं सामान मागून आणून तिनं सहाशे तेरा नंबरची नळी उघडली. दुसऱ्या नळीत दादाच्या फणीतला मुळासकट निघालेला केस. हा केस पाण्यातून परत आल्यानंतरचा होता. निकाल यायला दोन दिवस लागले. जुळले नाहीत तर तो दादा नाही, एवढं कळेल, आणि जुळले तर तो दादाच आहे, आपल्या डोक्यावर परिणाम झालाय, असं तिनं ठरवलं होतं. सगळ्या जागी आकडे जुळले. निकालाकडे बघताना तिला कळलं, की आपण स्वतःला फसवत होतो. मासाही प्रत्येक वेळी जुळतच होता. चाचणी एवढंच सांगते, की दोन्ही एकच आहेत. आधीचा कोण आणि नंतरचा कोण, हे फक्त नळीवरचा नंबर सांगतो.

तिनं सरांना फोन केला. आवाज शक्य तेवढा साधा ठेवला.

"सर, आणखी एक डुप्लिकेट आलाय."

"मग विचारतेस काय? नियम सांगितलाय ना." सर काहीतरी खात होते. "नंतरचा काढून टाक. आणि जीव लावून बसू नकोस गं नमुन्यांना. शेवटी आकडेच ते."

तिनं फोन ठेवला आणि शेडमधून दांडका घेतला. तो तिचा भाऊ होता की नव्हता, हे तिला माहीत नव्हतं. तिचं त्याच्यावर प्रेम होतं आणि त्याला मारायला ती निघाली होती, आणि या दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

८

सकाळी तलावावर ती दोघंच होती. दादा वल्हवत होता आणि ती समोर, नेहमीसारखी. दांडका तिच्या मांडीवर आडवा. त्यानं तो पाहिला होता. मध्यावर पोचल्यावर त्यानं वल्ही आत घेतली.

"दुखलं का रे?" चिमीनं विचारलं. तिला हे विचारायचं नव्हतं, पण तोंडून गेलं.

"तुला दुखलं होतं?"

"मला?"

दादानं कानाची पट्टी काढून पाण्यात टाकली. पाळीची कड सरळ कापलेली होती. "तू आठ वर्षांची होतीस. वल्हं होतं माझ्या हातात. तू माझी छोटी होडी सोडून दिली होतीस, मला राग आला. एकच मारलं. तू खाली गेलीस. बुडबुडे थांबेपर्यंत मी धक्क्यावरच उभा होतो, चिमे. मग रडत घरी गेलो, आईला सांगायला. आणि तू पायरीवर बसली होतीस."

चिमीचा हात भांगाकडे गेला. "मी पोहत आले असेन."

"हो," दादा म्हणाला. "मीही पोहत आलो."

होडीच्या लाकडाला खालून काहीतरी घासत गेलं. हळू, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. दोघांनीही खाली पाहिलं नाही.

"तेव्हापासून तू माझ्या जवळ येत राहिलीस," दादा सांगत होता. त्याच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. "आधी माझ्या खोलीत अभ्यास. मग माझ्याच तलावावरचा विषय. मग माझ्या होडीत. तुला कळत नव्हतं, हे मला ठाऊक आहे. कळत नाहीच. आता मलाही कळलं असतं असं नाही, पण मी तुझ्याकडे बघून शिकलोय. वीस वर्षं मी तुझ्याकडे पाठ केली नाही. त्या दिवशी एकदाच केली."

"माझा हात चुकला, दादा."

"माझाही चुकला होता."

ती हुंदके देत होती. चाचणीचं, टाचण्यांचं, पाच महिन्यांच्या हिशेबाचं काहीच उरलं नव्हतं. उरली होती ती फक्त एवढी भीती, की आपल्यालाही कुणी नंबर घातलेला नाही, आणि आधीची चिमी कुठं आहे ते कुणीच सांगू शकणार नाही. पाण्यात, होडीच्या तिच्या बाजूला, दोन मिशा वर आल्या. मिशांमागे कापलेला पर. तो तिथंच थांबला, तोंड उघडझाप करत.

"जाऊ दे," दादा म्हणाला. "कामाला लागू. ऊन चढायच्या आत जाळं काढलं पाहिजे." आणि त्यानं हात पुढे केला. "दे इकडे."

दोन वर्षं, सहाशे मासे. चिमीच्या हातानं दांडका उचलला आणि त्याच्या हातात ठेवला. ठेवून झाल्यावर तिच्या लक्षात आलं.

"जाळं ओढ आज तू," तो म्हणाला. "माझ्या मानेला वाकवत नाही."

जाळ्याचा दोर तिच्या मागच्या बाजूला बांधला होता. तो हलत होता, जाळ्यात पुष्कळ वजन होतं. तिनं दादाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, तो तिला लहानपणापासून ठाऊक असलेलाच चेहरा होता. मग तिची नजर त्याच्या गुडघ्यापाशी गेली. तिथं फळीवर पट्टी, कात्री आणि एक उघडी नळी व्यवस्थित मांडून ठेवली होती.

नळीवर नंबर आधीच घातलेला होता. सहाशे चौदा.